‘टू’ची जागा

“...पण त्याला एवढी माणसं कशाला लागतात, मास्तर?”

दिगंबर विचारत होता. मास्तर त्याच्याकडे बघून हसत होते. आम्ही बाकीचे मठाच्या ओसरीवर आपापल्या जागी बसून माना वळवून ऐकत होतो.

“फळ्यावर यादी लिहिली की झालं. क्रियापद इकडे, त्याचा छोटा शब्द तिकडे. पोरं घोकतात. पुण्यात मी हे दहा मिनिटांत उरकतो.”

“दहा मिनिटांत?”

“दहा.”

“मग राहिलेल्या वेळात काय करतोस?” मास्तरांनी विचारलं.

चिडवायला नाही, खरंच विचारलं. दिगंबर चष्मा पुसत बसला.

रामलिंग मास्तरांनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले, मास्तरीणबाई वारल्या, तेव्हा घराला कुलूप लावून सीना नदीच्या काठच्या या मठात येऊन राहिले. भगवी लुंगी घेतली, मीठ सोडलं, वर्तमानपत्र सोडलं. इंग्रजी काही सुटलं नाही. “देवानं मागितलं असतं तर तेही दिलं असतं,” असं म्हणतात. “त्यानं मागितलं नाही. त्याला येत असणार.”

रोज संध्याकाळी मठाच्या ओसरीवर वर्ग भरतो. कुणीही यावं. शिकवायची रीत मात्र मास्तरांची स्वतःची आहे आणि ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

‘गवंडी भिंत बांधतो’ असं वाक्य असलं, की एक जण गवंडी होतो, एक जण भिंत होतो आणि मधे मास्तर क्रियापद म्हणून उभे राहतात. मास्तरांनी टाळी वाजवली की गवंड्यानं आणि भिंतीनं जागा बदलायच्या. भिंत पुढे येते, गवंडी मागे जातो. झाला इंग्रजीतला कर्मणी प्रयोग. आता मागे गेलेला गवंडी वाक्यातून निसटू नये म्हणून कुणीतरी एका हातानं त्याला धरायचं आणि दुसऱ्या हातानं मास्तरांना. तो मधला माणूस म्हणजे ‘बाय’.

बहुतेक क्रियापदांना ‘बाय’ चालतो. काही क्रियापदं मात्र हट्टी. त्यांना आपलंच माणूस लागतं. ‘नोन’ला, म्हणजे ओळखण्याला, ‘टू’ लागतो, ‘प्लीज्ड’ला ‘विथ’, ‘सरप्राइज्ड’ला ‘ॲट’. दुसरा कुणी हात धरायला आला तर वाक्य रुसतं. म्हणून मास्तरांनी एकेक शब्द एकेका माणसाला देऊन टाकला आहे. एकदा दिला की दिला. तो आजारी पडला तर ते क्रियापद त्या दिवशी सुट्टीवर.

मी ‘इन’. ‘इंटरेस्टेड’ आलं की मी उठते. एरवी मी अंगणवाडीत असते. आमच्या भागात विहिणीला ईन म्हणतात, त्यामुळे माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हापासून मी सगळ्या गावाची ईनबाई आहे. लग्नात नवऱ्याकडची माणसं चांगलीच गोंधळली होती.

मठात स्वयंपाक करणारी गजराआत्या म्हणजे ‘विथ’. तिला ते ‘ईत’ असंच म्हणता येतं. ओसरीवर ‘प्लीज्ड’ ऐकू आलं की ती पिठाचे हात घेऊन बाहेर येते, मास्तरांचा हात धरते, वाक्य संपलं की परत चुलीपुढे जाते. ‘ॲट’ म्हणजे एस्टीतून निवृत्त झालेले व्हनमाने कंडक्टर.

आणि हा दिगंबर लोकरे म्हणजे ‘बाय’. शाळेत असल्यापासूनचा. सगळ्यात जास्त काम त्यालाच. दर दुसऱ्या वाक्याला उठायचा, पळत यायचा, छाती काढून उभा राहायचा. हुशार तर होताच. पुण्याला गेला, स्पर्धा परीक्षांचे क्लास काढले, नाव मिळवलं. तेव्हापासून ‘बाय’ला जो मोकळा असेल तो उठतो; तो शब्द हट्टी नाही. हायवेवर त्याचा भला मोठा फोटो लागलेला असतो, एक हात वर करून हसणारा. एस्टीतून जाताना आम्ही तो एकमेकांना दाखवतो. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटतो.

या पावसाळ्यात मास्तरांचा दम वाढला. जास्त बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्तरांनी एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं, की आता वर्ग कुणीतरी घ्यावा, नाहीतर दिवाळीला मिटवून टाकू.

कुणी पुढे झालं नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला एकेकच शब्द येतो. सगळं वाक्य पेलणारा कोण होता?

दिवसभर पोरांची वजनं करायची, त्यांच्या आयांची भांडणं सोडवायची, घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. त्यात ही एकच घटका माझी होती. ती गेली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

कुणीतरी दिगंबरला फोन केला. तो स्वतः गाडी चालवत आला. पांढराशुभ्र शर्ट, काखेत गुंडाळलेला तक्ता. आल्या आल्या मास्तरांच्या पाया पडला आणि म्हणाला, “वर्ग मला द्या, मास्तर. मनापासून मागतोय.”

तो मनापासूनच मागत होता. माझा त्यावर विश्वास बसला.

मग त्यानं तक्ता उलगडला. हट्टी क्रियापदं आणि त्यांचे छोटे शब्द, रंगीत शाईनं लिहिलेले. त्याचं त्यानं गाणंही केलं होतं. चालीवर म्हणून दाखवलं. मला तर लगेच अर्धं पाठ झालं. मास्तरांनी मांडीवर ताल धरला.

“छान आहे की रे,” ते म्हणाले. “पाठ होणार.”

आणि तेव्हाच दिगंबरनं ते विचारलं होतं, की एवढी माणसं कशाला लागतात म्हणून.

चष्मा पुसून झाल्यावर तो म्हणाला, “मग देताय ना वर्ग?”

“देतो की. आधी एक वाक्य घे. माझ्या जागी उभं राहून.”

“कुठलं घेऊ?”

मास्तरांनी दम घेतला.

“‘नोन’चं घे.”

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं.

त्याचं असं होतं, की ‘नोन’ आमच्या वर्गात कित्येक वर्षांत पुरं झालेलं नव्हतं. वाक्य यायचं. मास्तर टाळी वाजवायचे, पुढचा मागे जायचा, मागचा पुढे यायचा. मास्तर हात पुढे करायचे. हात तसाच राहायचा... थोड्या वेळानं मास्तर म्हणायचे, “राहू दे,” आणि पुढचं क्रियापद घ्यायचे.

दिगंबरला हे कुठून माहीत असणार? तो उत्साहानं उठला आणि ओसरीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“वाक्य सांगा.”

“‘गाव मास्तराला ओळखतं,’” मास्तर म्हणाले. “मास्तर मीच होतो. गाव कोण होतंय?”

व्हनमाने कंडक्टर गाव झाले. मास्तर कर्माच्या जागी जाऊन उभे राहिले. मधली जागा सोडून मास्तर कडेला उभे राहिलेले मी पहिल्यांदा बघितले. कडेला ते फार लहान दिसत होते.

दिगंबरनं टाळी वाजवली. गाव मागे गेलं, मास्तर पुढे आले. दिगंबरनं सवयीनं हात पुढे केला.

कुणी आलं नाही.

“‘टू’ कुठाय?”

...

दिगंबर माझ्याकडे वळला. “ईनबाई, या तुम्ही.”

“मी ‘इन’ आहे,” मी म्हणाले.

“आत्या, तुम्ही या बरं.”

“मी न्हाई बाबा,” गजराआत्या दारातूनच म्हणाली. “मी ईत हाय. दुसऱ्याच्या जाग्यावर कशी हुबी ऱ्हाऊ?”

“अहो, एका वाक्यापुरतं!”

“येका वाक्यापुरतं बी न्हाई.”

दिगंबर हसला. थोडा वैतागलाही. मग त्यानं डावा हात पुढे आणला आणि आपलाच उजवा हात त्यानं धरला.

“हा घ्या ‘टू’. झालं?”

सगळे हसले. मीही हसले. त्याला लोकांना हसवता येतंच.

मास्तर त्या दोन हातांकडे बघत राहिले.

“दोन्ही हात तुझेच?”

“हो.”

“मग धरलंस कुणाला?”

हसणं थांबलं. दिगंबरनं हात सोडले आणि खिशात घातले.

“मास्तर, खरं सांगू?” तो म्हणाला. “‘नोन’ला ‘बाय’ का चालत नाही, हे मला अजून पोरांना सांगता येत नाही. ‘नियम आहे, घोका,’ एवढंच सांगतो. लहानपणी मला त्याचा राग यायचा. मी इथे मोकळा बसलेला आणि तुम्ही दुसऱ्याला हाक मारायचा.”

“गवंड्यानं भिंत बांधली,” मास्तर म्हणाले. “मग?”

“मग काय? घरी गेला.”

“बरोबर. ‘बाय’ला काम झालं की घरी जाता येतं. तू गेलास की नाही?”

“आणि ‘टू’?”

“ओळखण्यात काम काय असतंय रे? नुसतं जवळ असावं लागतंय.”

एवढं बोलून मास्तरांना दम लागला. गजराआत्यानं स्टूल आणून दिलं. ते बसले, तेही कर्माच्या जागेवरच.

“पण आपला ‘टू’ म्हणजे सिराजच ना?” दिगंबर आमच्याकडे वळला. “सिराज मुलाणी. गावातच आहे की तो. येत का नाही? काही बिनसलंय का?”

शेवटी गजराआत्याच बोलली. तिच्या पोटात काही राहत नाही.

“तुजा सत्कार झाला न्हवता का शाळंच्या पटांगनात? तवा माइकवर काय बोललास तू?”

“काय बोललो?”

“म्हनलास, आमचा सिराज वीस वर्सं ‘टू’ हाय, पर त्याला ‘टू’ कुटं घालायचा ते आजून कळंना. पटांगान हासलं सगळं. त्यो बी हासला. आन् टाळ्या चालू व्हत्या तवा उटून गेला. तवापास्नं मठाची पायरी चडला न्हाई.”

“मी?” दिगंबर म्हणाला. “मी असं बोललो?”

त्याला आठवत नव्हतं. हे त्याच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होतं. बोलायचं म्हणून बोलला असणार आणि विसरून गेला असणार.

त्या दोघांचं शाळेतलं मला आठवतं. एका सायकलवर दोघं यायचे, एका डब्यात जेवायचे. दिगंबर पुण्याला निघाला तेव्हा त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत सिराजच गेला होता.

“मी घेऊन येतो त्याला,” दिगंबर म्हणाला.

“ईनबाई, तुम्ही जा संगं,” मास्तर मला म्हणाले. “ह्याला दुकान सापडायचं नाही.”

“मास्तर, मी याच गावचा आहे.”

“तरी जा.”

सिराजचं दुकान स्टँडच्या पलीकडे आहे. विजेच्या जळलेल्या मोटारींत नव्यानं तार भरून देतो तो, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या. दिगंबर खरंच एक वळण चुकला. मी काही बोलले नाही.

सिराज खाली बसून एका मोटारीच्या तांब्याच्या तारांवर वार्निश सोडत होता. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. आमच्याकडे न बघताच त्यानं ओळखलं.

“बस.”

बसायला एक उलटी बादली होती. दिगंबर आपल्या पांढऱ्या कपड्यांत उभाच राहिला.

“मास्तरांनी बोलावलंय तुला.”

“न्हाई बोलावलं,” सिराज म्हणाला. “मास्तर रोज सकाळी हितंच च्या पित्यात. बोलवायचं आसतं तर बोलावलं आसतं.”

हे मलाही ठाऊक नव्हतं. मास्तर सकाळी फिरायला जातात एवढंच आम्हाला माहीत.

“रोज येतात?” दिगंबर म्हणाला. “काय म्हणतात?”

“काय न्हाई. बसत्यात. च्या पित्यात. जाताना हात फुडं करत्यात.” सिराजनं ब्रश पुसला. “मी म्हंतो, वार्निश हाय, मास्तर. मग जात्यात.”

...

समोरून एक एस्टी गेली. धूळ खाली बसली.

“सिराज, मला ते आठवत नाही,” दिगंबर म्हणाला.

“म्हाईत हाय मला.”

“शपथेवर सांगतो. काय बोललो, का बोललो, काही म्हणजे काही आठवत नाही.”

“त्येच तर...” सिराज थांबला. मग पहिल्यांदा त्यानं वर बघितलं. “मुद्दाम बोलला आसतास ना, तर मी भांडलो आसतो. चार शिव्या हासडल्या आसत्या. दुसऱ्या दिशी मठात हजर. पर तुज्या ध्यानात बी न्हाई. मग भांडू कुनासंगं? भिंतीसंगं?”

दिगंबर बादलीवर बसला. कपड्यांकडे त्यानं बघितलंही नाही.

“मी रोज करतो ते,” तो म्हणाला. “दोनशे पोरं असतात. झोपायला लागली की एकाला उभा करायचा आणि त्याच्यावरून हसवायचं. सगळी जागी होतात. मस्त चालतो वर्ग.”

“आन् ज्याला हुबा करतोस, त्यो?”

“तोही हसतो की.”

“मी बी हासलो व्हतो.”

दिगंबर खाली बघत राहिला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

“त्यातला एखादा दुसऱ्या दिवशी येत नाही. मी म्हणतो, आजारी असेल...”

सिराजनं पुन्हा ब्रश बुडवला. दिगंबर उठला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आणि मठात मधोमध उभं राहून करतात तसा त्यानं हात पुढे केला.

“वार्निश हाय,” सिराज म्हणाला.

“असू दे.”

“लवकर सुटत न्हाई ते. रॉकेल लागतंय.”

“असू दे म्हटलं ना.”

सिराजनं त्या हाताकडे बघितलं, मग मोटारीकडे बघितलं.

“वार्निशचा ह्यो हात मदीच सोडता येत न्हाई मला. मोटार नासंल. थांबावं लागंल.”

“थांबतो.”

सिराजनं काम सावकाश केलं. मुद्दाम सावकाश केलं असं माझं मत आहे, आणि त्याचा तेवढा हक्क होता. दिगंबर हात पुढे करून उभा राहिला. स्टँडवरची माणसं बघायला लागली. हायवेवर हात वर करून हसणारा तो माणूस इथे मुलाण्याच्या दुकानात हात पुढे करून उभा होता, आणि हसत नव्हता.

“हात दुकंल,” सिराज खाली बघूनच म्हणाला.

“दुखू दे.”

“लई मोटा झालास की लेका.”

“लेका” ऐकलं आणि मला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

सिराजनं ब्रश डब्यात ठेवला. हात पुसायला चिंधी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि परत टाकून दिली. मग तसाच पिवळा, चिकट हात त्यानं दिगंबरच्या हातात दिला.

मठात दिवे लागले होते. आम्ही तिघं आलो तेव्हा वाक्य जसंच्या तसं उभं होतं. मास्तर स्टुलावर, आपल्या जागेवर. गाव म्हणून उभे राहिलेले व्हनमाने कंडक्टर तसूभर हलले नव्हते. एस्टीत जन्म उभ्यानं गेलेला माणूस, त्यांना काय त्याचं?

सिराज पायरीशी घुटमळला. मास्तरांनी ये म्हटलं नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं, सकाळी चहा पिताना बघत असतील तसं. सिराज वर आला.

दिगंबर मधोमध उभा राहिला. सिराजनं एका हातानं त्याचा उजवा हात धरला आणि दुसरा हात कंडक्टरांकडे केला. कंडक्टरांनी त्या हाताचा रंग बघितला, आपल्या इस्त्रीच्या बाहीकडे बघितलं आणि बाही वर सरकवून हात धरला.

“म्हण,” मास्तर म्हणाले.

“मास्तर इज...” दिगंबरनं सुरुवात केली. दोनशे पोरांपुढे माइक घेऊन बोलणारा माणूस. “मास्तर इज नोन...”

पुढे त्याला बोलवेना.

“टू,” सिराज म्हणाला. अगदी हळू. मग जरा मोठ्यानं, “टू द व्हिलेज.”

वाक्य पुरं झालं.

‘प्लीज्ड’ कुणी म्हटलं नव्हतं, तरी गजराआत्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि आमच्यात येऊन उभी राहिली. तिला परत जा असं कुणी म्हटलं नाही.

मास्तर पुढच्या जागेवर बसून बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, उघडा, मोकळा. इतकी वर्षं पुढे केलेला तो हात असा खाली ठेवलेला मी बघितला आणि मला फार बरं वाटलं.

बराच वेळ गेला. कंडक्टर हात ओढून सोडवून जागेवर जाऊन बसले. सिराज आणि दिगंबर उभेच होते.

“मास्तर,” दिगंबर म्हणाला. मघाचा आवाज राहिला नव्हता. “मग... वर्गाचं काय ठरवलंत?”

बोलता बोलता त्यानं डोळे पुसायला उजवा हात उचलला. सिराजचाही हात बरोबर वर आला.

“सांगितलं व्हतं,” सिराज म्हणाला. “लवकर सुटत न्हाई.”

मास्तर उठले. दिगंबरचा तक्ता खाली पडला होता, तो उचलून त्यांनी नीट गुंडाळला आणि कोनाड्यात ठेवला. मग दोघांच्या जवळ आले, चिकटलेल्या हातांकडे वाकून बघितलं आणि आत झोपायला निघाले. उंबऱ्यात थांबले.

“उद्या वर्ग तू घे. हात सुटला, की सांग मला.”